मी मागे ठेवलेला आवाज

मे महिन्यात, भर दुपारी, अमरावतीत कूलर बंद करून माणसांना गाणी म्हणायला लावणं हा माझा धंदा आहे. सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. मोठ्या शहरांत भिंतीला लावायला काय काय महागडं मिळतं. आपल्याकडे कापूस मिळतो. मापं दिली तेव्हा पिंजारी म्हणाला होता, "भाऊ, एवढ्या गाद्यायवर निजणार कोण?" कूलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद, पंखाही बंद. गायक घामानं निथळत असतो आणि गाणं हळदीचं असतं, म्हणजे आवाजात आनंद पाहिजे. पंचवीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसून "आनंद कमी पडतोय, पुन्हा घ्या" असं सांगत आलो.

या अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असा निरोप आला. गमती आहेत. बडनेऱ्याकडची एक भाजीवाली मावशी हातगाडीवर लावायला आरोळी रेकॉर्ड करायला आली होती. माइकसमोर उभी राहिली आणि "ताजी मेथी, कवळी पालक" म्हणता म्हणता मध्येच थांबून मला म्हणाली, "तुमी कावून हसून राहिले?" तेही रेकॉर्ड झालं. काढून टाकतो म्हटलं, तर नको म्हणाली. "राहू द्या. गिऱ्हाईक वयून पाह्यते." आजही तिच्या गाडीवर ती आरोळी तशीच वाजते, आणि लोक वळून बघतात. एक निवृत्त हेडमास्तर स्वतःच्या सत्काराला उत्तर देणारं भाषण आधीच रेकॉर्ड करून गेले, कारण त्या दिवशी गहिवरून येईल आणि बोलता येणार नाही याची त्यांना खात्री होती. सत्कार पुढे झालाच नाही. रेकॉर्डिंग ते न्यायला आले नाहीत, माझ्याकडेच आहे.

असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलो की दर वेळी एकच गोष्ट आडवी येते, आणि ती गमतीची नाही. ती मी आजवर दोनच माणसांना सांगितली, आणि ती गोष्ट त्या दोघांचीच होती. आता सगळ्यांना सांगतो. ज्यांची आहे त्यांनी "लिहा" म्हटलंय.

ती कळण्यापुरता धंदा समजावून देतो. दोन माणसं गाणं गातात तेव्हा मी दोघांचे आवाज वेगवेगळ्या ओळीत धरतो. प्रत्येक ओळीला एक सरकती पट्टी असते. पट्टी वर सरकवली की आवाज पुढे येतो, खाली ओढली की मागे जातो. शिवाय आवाजाची धार कमी-जास्त करता येते, त्याला घुमारा देता येतो. घुमारा जास्त दिला की माणूस लांब उभा राहून गातोय असं वाटतं. घरी ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं शेजारी उभे राहून गायले. कोण पुढे, कोण मागे, हे माझ्यासारखा कोणीतरी खुर्चीत बसून ठरवत असतो, आणि त्याचं नाव कुठे येत नाही. मला ते सोयीचंच होतं. मी मुळातच कमी बोलणारा.

आणि या धंद्यात आमच्याकडे एक रीत आहे. एखादं गाणं चाललं, की त्या गाण्याच्या पट्ट्या जिथे असतील तिथेच राहू द्यायच्या. तो सगळा साचा संगणकात जपून ठेवायचा आणि पुढचं गाणं त्याच साच्यात बसवायचं. चाललेल्या गाण्याचा साचा मोडायचा नाही. आमच्या इकडचा प्रत्येक रेकॉर्डिंगवाला हे पाळतो. ढोलकीवाले नव्या ढोलकीला नारळ फोडतात, आम्ही साचा जपतो.

भास्कर आणि वनिता ही जोडी तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गेल्या दहा वर्षांत लग्न झालं असेल त्यांना माहीत असेल. भास्कर मूर्तिजापूरचा. वडील रेल्वेत गँगमन, मुलगा ऑर्केस्ट्रात. उंच, हसरा, स्टेजवर चढला की पहिल्या मिनिटात समोरच्या म्हाताऱ्यांना भाऊ आणि म्हाताऱ्यांच्या बायकांना वहिनी करून टाकायचा. वनिताताई पातूरजवळच्या. माहेरी फुलांची शेती: शेवंती, झेंडू, निशिगंध. सासरी अकोल्यात नवऱ्याचं हारांचं दुकान. भास्करनं त्यांना पातूरच्या एका भजनात ऐकलं आणि तिथूनच मला फोन केला, "सुधाभाऊ, एक आवाज भेटला. उद्या घेऊन येतो. कूलर चालू ठेवजो, बाई घाबरली पाह्यजे नाही."

जोडीची गाणी सवाल-जवाबाची. तो छेडायचा, ती उलटून मारायची. तिसरं गाणं आलं तेव्हा भास्करचा घसा बसला होता. लग्नसराईत रोज दोन दोन कार्यक्रम करून आवाज खरखरत होता. वनिताताई मात्र अशा गायल्या की काचेपलीकडे मी पाणी प्यायचं विसरलो. दोन्ही ओळी एकत्र लावल्या तर भास्कर ऐकूच येईना. त्या खाली चहा सांगायला गेल्या तेव्हा तो माझ्याजवळ वाकून म्हणाला, "या गाण्यात तिले जराशी मांगं घे राजा. माया आवाज बसला हाय." मी घेतली. पट्टी खाली ओढली, धार बोथट केली, वर घुमारा दिला.

ते गाणं वऱ्हाडभर वाजलं. हळदीत, वरातीत, पोळ्याला बैलांपुढे, आनंदमेळ्यात. आणि मी रीतीप्रमाणे साचा जपून ठेवला.

भास्करचा घसा आठ दिवसांत सुटला. साचा मात्र तसाच राहिला. चौथं गाणं त्यात बसवलं, पाचवं बसवलं. गाणी चालत होती. माझं घर त्या जोडीवर चाललं होतं हे लपवत नाही. त्यांची गाणी वाजली की दहा नवे गायक जिना चढून यायचे आणि "तसंच पाह्यजे" म्हणायचे. मला ऐकू येत होतं, काय होतंय ते. माझा तो धंदाच आहे. वनिताताईंचा आवाज दर गाण्यात शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा. त्यांच्या कानावरही तोच यायचा, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोनमध्ये मी साच्यातूनच आवाज देत होतो. कार्यक्रमांतही मागे रेकॉर्ड केलेलं गाणं लावून त्यावर गायची पद्धत, वर लोकांचा गोंगाट. त्या बाईला स्वतःचा खरा आवाज ऐकायला जागाच उरली नव्हती.

हे झालं निष्काळजीपणाचं. पुढचं निष्काळजीपणाचं नाही.

जोडीला दोनेक वर्षं झाली असतील. एका गाण्यानंतर भास्कर खाली गेला आणि वनिताताई काचेजवळ आल्या. हातात पर्स, नजर गादीच्या शिवणीकडे. "सुधाभाऊ, एक विचारू काय? माया एकटीचं एखांदं गाणं होईन काय? हळू वालं."

मी तेव्हा काय विचार केला ते मला आजही लख्ख आठवतं. एकटीचं गाणं झालं की जोडी फुटेल. जोडी फुटली की माझ्या जिन्यावर शुकशुकाट. एवढाच विचार. आणि मी अगदी मायेनं, मोठ्या भावासारखा आवाज काढून म्हणालो, "ताई, खरं सांगू का? तुमचा आवाज सोबतीचा आहे. गोड आहे, पण एकटा उभा राहायचा नाही."

त्यांनी मान हलवली. "हाव, मले बी तसंच वाटते. ऐकलं का लांबूनच येते." आणि पर्स खांद्याला लावून त्या गेल्या. जाताना मला थँक्यूही म्हणाल्या.

त्यानंतर सात वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही. सात वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या माझ्यासमोर उभ्या राहून गात होत्या, दिवाळीला शेवंतीचे हार पाठवत होत्या. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाची फुलं त्यांच्याकडची. मी कमी बोलतो असं लोक म्हणतात. काही माणसं कमी बोलतात कारण बोललं तर पहिलं काय बाहेर पडेल याची त्यांना धास्ती असते.

मग मागच्या उन्हाळ्याच्या आधीचा उन्हाळा. सकाळी दहाला वनिताताई एकट्याच जिना चढून आल्या. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. भास्कर मोर्शीला एका कार्यक्रमाच्या बोलणीसाठी गेला होता. "त्याले सांगतलं नाही," त्या म्हणाल्या. "जमलं तं सांगीन. नाही जमलं तं सांगाचंच काय काम?"

गाणं त्यांचं स्वतःचं होतं. शब्द त्यांचे, चाल त्यांची. वडील पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघायचे. पोरीची झोपमोड नको म्हणून तिला उठवायचे नाहीत. एका पहाटे गेले, आणि बाजारातच छातीत दुखून बसले ते उठले नाहीत. गाण्यात बाजार नाही, मरण नाही. एवढंच, की

जाशीन तं सांगून जाय,
म्या जागीच हावो आज...

सोबत एक हार्मोनियमवाला आणि एक व्हायोलिनवाला, दोघंही अकोल्याचे, दोघांनाही शपथ घातलेली. कूलर बंद केला. त्या गायल्या. एकदाच, सलग. व्हायोलिनवाल्यानं शेवटी गज खाली ठेवायला वेळ लावला, एवढंच मला काचेतून दिसलं. आणि मी काय केलं होतं? रोजच्या सवयीनं, जोडीचा साचा उघडून त्यात रेकॉर्ड केलं होतं. हात आपोआप तिकडे गेला होता. मला आठवणही नव्हती.

त्या बाहेर येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी गाणं लावलं. हार्मोनियम समोर, व्हायोलिन समोर, आणि त्या दोघांच्या मागून, कुठूनतरी लांबून, पातळ, बोथट असा एक बाईचा आवाज. एक कडवं झालं. दुसरं अर्धं झालं.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

मी बंद केलं.

"तुमी म्हटलं व्हतं तेच खरं हाय, भाऊ. नाही राह्यत उभा." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "बरं झालं भास्करभाऊले सांगतलं नाही. लय हासला असता."

आता इथे मला थांबून सांगितलं पाहिजे, कारण इतके दिवस मी हा भाग स्वतःशीही गाळत आलो. त्या क्षणी चूक माझ्या लक्षात आली. आणि पहिला विचार आला तो हा, की आता काही बोलायची गरज नाही. आपोआप मिटलं. जोडी राहील. मी खुर्चीत तसाच बसलो. त्यांनी वाजवणाऱ्यांना चहा घ्या म्हटलं, पर्स घेतली, दाराजवळ वाकून चपला घातल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

मग मी हाक मारली. कोणत्या पुण्याईनं ते मला माहीत नाही. कदाचित पुण्याई वगैरे काही नसेल, व्हायोलिनवाला माझ्याकडे बघत होता म्हणूनही असेल.

"ताई, वर या. आवाज तुमचा नाही असा. मी केलाय."

त्या दारात उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. तिसरं गाणं, भास्करचा घसा, साचा, नंतरची सगळी गाणी. हेडफोन. आणि शेवटी ते, "सोबतीचा आवाज" म्हटलं होतं ते. "ते खोटं होतं. मला माहीत होतं खोटं आहे. जोडी फुटेल म्हणून म्हटलं."

खोलीत पंखा बंद, कूलर बंद. गाद्यांमुळे आमच्याकडची शांतताही जरा जास्तच गच्च असते. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"माफी-गिफी मंग पाहू. माई पट्टी कोणती?"

मी बोटानं दाखवली.

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. "उठा जरासे. सरका." मी सरकलो. "हे धार का काय म्हंता ते कुठं हाय? हे? पह्यले जसं होतं तसं करा. घुमारा काढा. पुरा काढा. आता लावा."

मी लावलं. त्यांनी एका बोटानं पट्टी वर सरकवायला सुरुवात केली, हळूहळू, पिठलं हाटताना करतात तशी नजर रोखून. आवाज शेजारच्या खोलीतून निघाला, दारात आला, आणि समोर येऊन उभा राहिला. त्यांचं बोट थांबलं. पूर्ण गाणं संपेपर्यंत त्या पट्टीवर बोट ठेवून बसल्या होत्या. हार्मोनियमवाला डोळे पुसत होता. तो तसा कोणत्याही गाण्याला रडतो, पण त्या दिवशीचं त्याचं रडणं मी खरं धरलं.

त्या मात्र रडल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सात वर्सं मी घरी बी हळू गायली. पोराईले झोपवताना बी. वाटे, आवाज छोटा हाय तं कायले लोकाईले ऐकवा." मग उठल्या. "पुन्हा एकडाव घ्या. आता मले माहीत हाय मी कशी हावो. आता वेगळं गाईन."

दुसऱ्यांदा गायल्या तेच गाणं तुम्ही ऐकलंय.

मिक्सिंग झालं की माझी एक कसोटी असते. गाणं साध्या मोबाईलवर घालून खाली ऑटो स्टँडवर जायचं आणि कोणाच्या तरी ऑटोत इंजिन चालू असताना लावायचं. ऑटोत चाललं ते वऱ्हाडात चाललं. एरवी ऑटोवाला दहा सेकंदांत ठेका धरतो. त्या दिवशी त्यानं इंजिन बंद केलं. "राहू द्या ना भाऊ, नीट ऐकू द्या," म्हणाला. एवढ्या वर्षांत कोणी इंजिन बंद केलं नव्हतं.

गाणं यूट्यूबवर टाकलं. नाव फक्त वनिता. किती लोकांनी ऐकलं तो आकडा मी सांगत नाही, आकडे रोज बदलतात. मला कळलं ते वेगळ्या वाटांनी. अकोल्याच्या फूलबाजारात पहाटे हार ओवणाऱ्या बायका ते लावून बसतात, असं वनिताताईंच्या नवऱ्यानं सांगितलं. पातूरहून एका शाळेच्या बाईंचा फोन आला, निरोप समारंभाला लावायचंय. मोर्शीच्या एका डीजेवाल्यानं विचारलं, "भाऊ, याची फास्ट वाली हाय काय? वरातीत मागून राह्यले." नाही म्हटलं तर त्यानं स्वतःच खाली ढोल टाकले. त्या वरातीत लोक नाचत होते आणि नवरीचा बाप मधोमध उभा राहून रडत होता, हे त्यानंच नंतर कौतुकानं कळवलं. आणि ज्याला त्याला वाटत होतं, हे गाणं भास्करला उद्देशून आहे. जोडी फुटली, आता त्याला म्हणतेय सांगून जा. वनिताताई म्हणायच्या, "बाप्पा! माया बाप वर बसून ऐकून राहिला असन, तो काय म्हणन?"

खरं म्हणजे तोवर जोडी फुटलीच नव्हती. लग्नसराईच्या सगळ्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. वनिताताईंनी भास्करला तोंडावर सांगितलं, घेतलेले सगळे कार्यक्रम करीन, नंतर आपण वेगळे. आणि त्यांनी केले. एकही चुकवला नाही. जोडीची गाणी पहिल्यासारखीच हसत-खिदळत म्हणायच्या. फक्त एक अट: जोडीची मागे लावायची रेकॉर्डिंग बंद, दोघांनी उघड्या आवाजात गायचं.

त्यांनी सांगितलं त्याच आठवड्यात भास्कर माझ्याकडे आला. जिना त्यानं तीन ढांगांत चढला.

"काय बे सुधाकर! माया पाठीमागं तिले फोडलं? नऊ वर्सं तुया घरचं मीठ खाल्लं मी, तुया पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या!"

मी म्हटलं, "बस. तुझ्याबद्दल पण एक सांगायचंय." आणि त्यालाही सगळं सांगितलं. माझ्या मनात इतकी वर्षं एक हिशेब होता, की मूळ सांगणं भास्करचं, मी फक्त पाळलं. बोलता बोलता ते माझ्या तोंडातून आलंच: "तूच म्हणाला होतास तिला मागे घे."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? कधी?" आठवायला त्याला वेळ लागला. "अबे, घसा बसला होता तवा? एका गाण्यासाठी म्हटलं होतं म्या! एका! घसा सुटला तवा तुले कोणी अडवलं व्हतं?"

कोणीच अडवलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

तो खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं मी समजून राह्यलो का माया आवाजावर गाणी चालतात." उठला आणि एक एक पायरी मोजत उतरला. भांडण तिथेच संपलं. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांचा शेवटचा एकत्र कार्यक्रम अकोल्यात झाला, शारदोत्सवात. ऊन उतरल्यावर, शाळेच्या मैदानावर. वनिताताईंनी मला निरोप पाठवला, मिक्सरवर तुम्हीच बसायचं. मी कार्यक्रमांना जात नाही. माझी जागा खोलीत. पण नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं. मैदानाच्या मधोमध एका टेबलामागे बसलो. आजूबाजूला लोक सतरंज्यांवर, मागे खुर्च्या, त्यामागे दुचाकींवर उभी पोरं. जोडीची चार गाणी झाली, पोरं नाचली, धूळ उडाली. पाचव्याला भास्करनं सुरुवात केली तर मागून ओरड सुरू झाली. "ते लावा! सांगून जाय!" आधी दोघं-चौघं, मग सगळं मैदान.

स्टेजवर भास्कर उभा आहे, त्याचा कार्यक्रम आहे, आणि लोक शेजारच्या बाईचं एकटीचं गाणं मागतायत. वनिताताईंनी माइक खाली केला आणि त्याच्याकडे पाहिलं. भास्करनं दोन्ही हात वर करून लोकांना गप्प केलं. "थांबा बाप्पाहो, थांबा. मले बी तेच ऐकाचं हाय. पण एक अट. कोणी शिट्टी मारली तं मी पुन्हा गाईन." मैदान हसलं. तो स्टेजच्या कडेला गेला, हार्मोनियमवाल्याला उठवलं आणि स्वतः पेटीवर बसला.

नुसती पेटी आणि त्यांचा आवाज. मी त्यांच्या पट्टीवर बोट ठेवून बसलो होतो आणि पहिल्या ओळीलाच कळलं की मला काही करायचं नाही. वर सरकवायची गरज नाही, खाली तर नाहीच. मी बोट काढून घेतलं. दुचाकींवरची पोरं खाली उतरून उभी राहिली. माझ्या टेबलाजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, शेतकरी असावेत, ते शेजाऱ्याला म्हणाले, "हे बाई आधी कुठं होती?" शेजारी म्हणाला, "हेच तं होती, त्या जोडीतली." म्हातारा मान हलवत म्हणाला, "नाही. ते दुसरी असन."

गाणं संपलं तेव्हा टाळ्या यायला जरा वेळ लागला. आल्या तेव्हा थांबेनात. भास्कर पेटीवरून उठला आणि तोही वाजवायला लागला, डोक्याच्या वर हात नेऊन. त्यांनी तेच गाणं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नाही. आता नवं शिकून येईन." आणि खाली उतरल्या.

आज वनिताताईंची स्वतःची बारा-तेरा गाणी आहेत. सगळी माझ्याच खोलीत झाली. का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या पट्टीला मी हात लावत नाही. त्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात आणि स्वतः लावतात. माफीचं काय झालं, हेही विचारलं नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "ते राह्यलंच नाही काय? राहू द्या. तुमाले आठवण राह्यन." दिवाळीचे हार मात्र येतात.

गेल्या श्रावणात त्यांनी एक काम सांगितलं. जोडीची सगळी जुनी गाणी पुन्हा लावून द्यायची, दोघांचेही आवाज जसे गायले तसे. मी कोणाचंही मूळ रेकॉर्डिंग पुसत नाही, त्यामुळे ते सगळं शाबूत होतं. दोन महिने मी दुसरं काही घेतलं नाही. एकेक गाणं उघडायचं, साचा काढून टाकायचा, आणि नऊ वर्षांपूर्वीची ती बाई काचेपलीकडून समोर यायची. मला वाटलं होतं भास्कर झाकला जाईल. तसं झालं नाही. त्याच्या छेडण्याला आता खरं उत्तर मिळत होतं, त्यामुळे त्याचंही छेडणं जिवंत वाटायला लागलं. पहिल्यांदा ती दोघं एकमेकांशी भांडतायत असं ऐकू आलं.

पहिली चार झाली तेव्हा दोघांनाही बोलावलं. भास्कर आता मूर्तिजापुरात मुलांना गाणं शिकवतो, केस पिकलेत, हसणं तेच आहे. दोघं माझ्या मागे बसले. मी ते तिसरं गाणं लावलं, घसा बसला होता तेव्हाचं. भास्कर पुढे वाकून ऐकत होता. त्याचा खरखरीत आवाज, आणि त्यावर कोसळणारा तिचा. संपल्यावर तो म्हणाला, "बापरे." मग थोड्या वेळानं, "काय हो वनिताताई, हे पह्यल्यापासून असंच ऐकू आलं असतं, तं तुमी जोडी सोडून गेल्या असत्या काय?"

मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिलो. मला वळायचं धाडस झालं नाही.

"गेलीच असती, भाऊ," त्या म्हणाल्या. "सात वर्सं आधी गेली असती." आणि मग मला म्हणाल्या, "लावा आता पुढचं."

मी पुढचं गाणं लावलं.